देवघरातला चिनी रुपया: एका वारसा नाण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं एक कुटुंब. नावगाव सांगत नाही, तेवढ्या अटीवरच लिहायची परवानगी मिळाली आहे. 2023 च्या उन्हाळ्यात घरातल्या आजी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या ट्रंकेतल्या आणि देवघरातल्या वस्तूंची यादी झाली. चांदीचं ताम्हन, दोन वाट्या, अत्तरदाणी आणि शेवटी 'चिनी रुपया, नग 1'.

हा रुपया अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलेला असायचा. लक्ष्मीपूजनाला त्याच्यावर हळदकुंकू वाहायचं आणि त्याच्या आदल्या दिवशी देवांबरोबर त्यालाही चिंच-रांगोळीनं लख्ख घासायचं, हा साठेक वर्षांचा शिरस्ता. तो आला कुठून, याची घरात दोन-तीन कहाण्या होत्या. आजोबा डाक-तार खात्यात होते, ते 'चीनच्या हद्दीवर' असताना कुणी तरी दिला, ही एक. चिनी बादशहाच्या खजिन्यातला आहे, ही दुसरी. नातवंडांना अर्थातच दुसरी आवडायची.

वारस तीन. थोरले चिरंजीव, बँकेतून निवृत्त झालेले, सगळा हिशेब कागदावर हवा असणारे. त्यांची धाकटी बहीण, कोल्हापूरला दिलेली. आणि मधल्या भावाचा मुलगा, सिंगापूरला नोकरी करणारा. वडील हयात नसल्यामुळे त्यांचा वाटा त्याच्याकडे. तिघांत भांडण नव्हतं. इतर सगळ्या वस्तू वजनावर वाटून झाल्या होत्या. अडलं होतं ते या एका नाण्यावर.

अडचण

पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. तसंच नाणं, त्यावरच्या माणसाचं तसंच टक्कल, आणि खाली रुपयांत आठ आकडी किंमत. त्यानं नाण्याचे फोटो एका 'जुनी नाणी खरेदी-विक्री' गटात टाकले. तासाभरात फोन आला: नाणं दुर्मीळ आहे, आठ लाखांना गिऱ्हाईक तयार आहे, फक्त रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीसाठी 2,100 रुपये आधी भरा. त्यानं भरले. मग 'जीएसटी' म्हणून आणखी मागितले, तेव्हा त्याला शंका आली.

ही फसवणूक इतकी सर्रास चालते, की रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक नाही, तिच्या नावानं कुणालाही शुल्क देऊ नका. गेलेले 2,100 हे त्यातल्या त्यात छोटं नुकसान. मोठं नुकसान हे, की 'आठ लाख' हा आकडा घरात शिरला. तोपर्यंत आत्याबाई "माझ्याकडे राहू दे, मी पूजेत ठेवीन" म्हणत होत्या आणि कुणाची हरकत नव्हती. आठ लाखांची वस्तू मात्र अशीच कुणाला देता येत नाही.

थोरल्यांनी एका ओळखीच्या सराफांमार्फत माझ्याशी संपर्क साधला. मी व्यापारी नाही. जुनी नाणी गोळा करतो, बघतो, कुणी विचारलं तर सांगतो. त्यांचा प्रश्न एकच होता: "किंमत काय धरायची?" त्या प्रश्नाच्या आधी आणखी चार प्रश्न होते आणि ते कुणीच विचारले नव्हते. धातू कोणता, ठसा खरा का, पाडलं कधी, आणि ते कायद्यानं कुठे विकता येतं.

नाणं कोणतं

ही पायरी सोपी होती. एका बाजूला डावीकडे तोंड केलेला, लष्करी गणवेशातला, मिशाळ, टकला माणूस. डोक्याच्या वर कमानीत सहा चिनी अक्षरं, उजवीकडून डावीकडे वाचायची. डावीकडून दुसरं अक्षर म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. तो तीनचा आकडा. दुसऱ्या बाजूला धान्याच्या ओंब्यांची माळ, खाली फितीची गाठ आणि मध्ये उभी दोन अक्षरं: 'एक युआन'.

हा युआन शिकायचा डॉलर, म्हणजे तेव्हाचा चिनी राष्ट्राध्यक्ष युआन शिकाय याचा चेहरा असलेला चांदीचा युआन; संग्राहक त्याला डॉलर म्हणतात. चिनी लोक त्याला 'मोठ्या डोक्याचा युआन' म्हणतात. साल इसवीत लिहिलेलं नसतं. चिनी प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष 1912, म्हणून तिसरं वर्ष म्हणजे 1914. त्याच वर्षी फेब्रुवारीत चीन सरकारनं राष्ट्रीय चलनाचा कायदा केला आणि वर्षअखेरीस तिआनजिनच्या टाकसाळीत हे नाणं पाडायला सुरुवात झाली. मागोमाग नानजिंग, वुचांग, ग्वांगडाँग इथेही. पुढे 8, 9 आणि 10 या वर्षांची, म्हणजे 1919 ते 1921 ची नाणी निघाली. त्यांवर सहाऐवजी सात अक्षरं असतात.

बादशहाची कहाणी अगदीच खोटी नव्हती. युआन शिकाय राष्ट्राध्यक्ष होता. 1915 च्या डिसेंबरात त्यानं स्वतःला सम्राट करून घेतलं, जेमतेम तीन महिन्यांत ते सोडावं लागलं आणि जून 1916 मध्ये तो वारला. नाणं मात्र चालतच राहिलं. लोकांचा विश्वास चेहऱ्यावर नव्हता, चांदीवर होता.

व्हिडिओतल्या आठ आकड्यांचा उलगडाही इथेच झाला. तिआनजिनच्या टाकसाळीत लुइजी जॉर्जी नावाचा इटालियन कोरीवकार होता. त्याची रोमन लिपीतली सही असलेले काही नमुने आहेत, ते खरोखर दुर्मीळ आणि महाग. व्हिडिओत दाखवलेलं ते. आपल्या नाण्यावर सही नव्हती. चेहऱ्याच्या दोन बाजूंना 'गान्सू' प्रांताचं नाव असलेला प्रकारही महाग जातो. तोही हा नव्हे. हा सर्वसाधारण, करोडोंनी पाडलेला प्रकार.

खरं की खोटं

सर्वसाधारण असलं म्हणजे खरं असं नाही. युआन शिकायच्या डॉलरइतकी नक्कल झालेली नाणी थोडीच असतील. शांघायच्या बाजारात तो चलनात होता तेव्हाही खोटे डॉलर फिरत होते आणि आज तर पर्यटनस्थळी ते पिशवीनं मिळतात.

थोरले नाणं घेऊन पुण्याला आले. त्याआधी गावातल्या सराफांनी कसोटीच्या दगडावर घासून बघू म्हटलं होतं. थोरल्यांनी फोनवर विचारलं, मी नको म्हटलं. सराफाच्या दृष्टीनं ते रास्तच. त्यांना चांदी विकत घ्यायची असते. पण कडेवर एक ताजा घासा म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीनं त्या नाण्याची किंमत तिथेच उतरली. टंच काढायला न ओरखडता येणारे मार्ग आहेत, ते आधी वापरायचे.

पहिलं वजन. कायद्यानं ठरलेलं वजन 26.86 ग्रॅम आणि प्रत्यक्ष पाडणीत चांदी साधारण 89 टक्के. आमच्या काट्यावर नाणं 26.62 भरलं. साठ वर्षं घासलेल्या आणि त्याआधी हातोहात फिरलेल्या नाण्यासाठी हे योग्य. व्यास 39 मिलिमीटर. चुंबकाला दाद नाही.

मग पाण्याची परीक्षा. ही घरी करता येते. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा कडांना न टेकवता. बुडबुडे चिकटले तर झटकायचे. काटा जितका वाढेल तितकं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. आमचा काटा 2.58 वर स्थिरावला. 26.62 भागिले 2.58, म्हणजे 10.32. चांदीची घनता 10.49, तांब्याची 8.96, 89-11 च्या मिश्रणाची येते 10.3 च्या आसपास. पितळेवर किंवा तांबं-निकेलवर चांदीचा मुलामा असता, तर त्याच वजनाच्या नाण्यानं 3 ग्रॅम किंवा जास्त पाणी सारलं असतं.

थोरल्यांना हे फार आवडलं. त्यांनी स्वतः पुन्हा करून बघितलं, आणि नंतर घरच्या वाट्यांवरही.

तिसरी परीक्षा हॉलमार्किंग केंद्रात, क्ष-किरणांच्या एक्सआरएफ यंत्रावर. चांदी 90.4 टक्के, बाकी बहुतेक तांबं. 89 ऐवजी 90.4 कसं? हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. चिंचेच्या आंबटानं वर्षानुवर्षं पृष्ठभागावरचं तांबं थोडं थोडं निघून जातं आणि वर चांदीचं प्रमाण वाढतं. आजींच्या दिवाळीची नोंद यंत्रानं अशी दाखवली. दोन्ही परीक्षा एकत्र का करायच्या, तेही यातून समजतं. यंत्राला जाड मुलामा फसवू शकतो. घनतेला शिसं मिसळलेला धातू फसवू शकतो. दोघांना एकदम फसवणं कठीण.

पण चांदी खरी म्हणजे नाणं खरं, असंही नाही. चांदीतच पाडलेले खोटे डॉलर आहेत. म्हणून शेवटी भिंगाखाली ठसा. मोठ्या प्रमाणन संस्थांच्या छायाचित्रांशी एकेक खूण ताडून पाहिली: कानावरचे केस, मिशीचा वळसा, खांद्यावरच्या झुपक्याचे धागे, ओंब्यांची कुसळं, फितीच्या गाठीची टोकं, अक्षरांच्या रेघांची जाडी. ओतीव नाण्यात अक्षरांच्या कडा गोलसर दिसतात, सपाट भागावर बारीक फोड किंवा खड्डे असतात आणि कडेवर सांधा दिसतो. यातलं काही नव्हतं. कडेवरचे दाते उभे, एकसारखे, तळाशी धारदार.

कडेवर एका जागी कानशीनं घातलेली लहानशी जुनी खाच मात्र सापडली. कुणी तरी कधी काळी आत तांबं आहे का ते पाहिलं होतं. खाचेच्या तळाशी रंग बाहेरच्यासारखाच, फक्त काळवंडलेला. किंमत थोडी कमी करणारी ही जखम खरेपणाच्या बाजूनं मात्र साक्ष देत होती. वरच्या कडेला कडी डागल्याची खूणही शोधली, कारण हिमालयाच्या बाजूला अशी नाणी दागिन्यांत ओवत. ती नव्हती.

चिनी बाजारात नाण्याच्या कडेवर फुंकर मारून कानाशी नेतात आणि त्याचा नाद ऐकतात. पुतण्यानं ते सिंगापूरहून आवर्जून सुचवलं. रोज शेकडो डॉलर हाताळणाऱ्याच्या कानाला त्यातून काही कळत असेल, आम्हाला काही कळलं नाही.

कालिम्पाँगचा धागा

नाणं खरं, 1914 चं. इथे थांबता आलं असतं. पण 'चीनच्या हद्दीवर' हे शब्द मला सोडवत नव्हते. थोरल्यांना म्हटलं, आजोबांचं सेवापुस्तक आहे का बघा. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात ते नसतं तर नवल. पेन्शनच्या कागदांतच होतं. तारमास्तर, 1953 ते 1956, कालिम्पाँग.

या एका ओळीनं बरंच काही जागेवर बसलं. कालिम्पाँग हे ल्हासाच्या व्यापाराचं भारतातलं टोक. जेलेप ला आणि नथू ला या खिंडींतून खेचरांचे तांडे लोकर घेऊन उतरायचे आणि कापड, किराणा, यंत्रं घेऊन वर चढायचे. चिनी सैन्य ऑक्टोबर 1950 मध्येच पूर्व तिबेटात शिरलं होतं. मे 1951 मध्ये चीन आणि तिबेट यांच्यात सतरा कलमी करार झाला आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत ते ल्हासात पोहोचलं. तिबेटी लोक चिनी कागदी नोटा घेईनात. धान्य, जनावरं, हमाली, रस्त्याची मजुरी, सगळ्याचे पैसे चांदीच्या डॉलरनं चुकते करावे लागले. सिचुआन आणि छिंगहाईकडून ल्हासाला येणारे दोन महामार्ग 1954 च्या डिसेंबरात खुले झाले, तोवर या चांदीचा ओघ जोरात होता. ती चांदी तिबेटी व्यापाऱ्यांच्या हातून भारतीय मालाच्या बदल्यात कालिम्पाँगला उतरली आणि तिथल्या सराफांच्या मुशीत बरीचशी वितळली. एखादा डॉलर तारमास्तरांच्या खिशात आला, यात नवल काही नाही.

पण हाच धागा दुसऱ्या बाजूनं अडचण करतो. तिबेटासाठी चीननं नुसते साठ्यातले जुने डॉलर वापरले नाहीत, 1950 च्या सुमाराला तिसऱ्या वर्षाच्या ठशानं नवेही पाडले. युआन शिकाय मरून तीस-पस्तीस वर्षं झाली होती, सत्ता कम्युनिस्टांची होती आणि टाकसाळीतून त्याचाच चेहरा निघत होता, कारण तिबेटी व्यापारी तोच ओळखत. म्हणजे नाण्यावर 1914 लिहिलंय यावरून ते 1914 ला पाडलं असं ठरत नाही.

फितीच्या गाठीत बारीक वर्तुळ असलेला एक प्रकार आहे, तो संग्राहक या उशिराच्या पाडणीशी जोडतात. 'युआन' अक्षराच्या आतला चौकोन त्रिकोणी झालेला आणखी एक प्रकार आहे, त्याचीही अशीच चर्चा असते. आपल्या नाण्यावर दोन्ही खुणा नव्हत्या. कानावरच्या केसांची आणि मिशीची झीज बघता ते 1950 च्या आधी बरीच वर्षं फिरलेलं असावं, असा माझा कल. पण घासण्यानं झालेली झीज आणि वापरानं झालेली झीज या नाण्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. म्हणून मी लेखी मतात 'तिसऱ्या वर्षाचा ठसा, खरं नाणं' इतकंच लिहिलं आणि पाडणीचं साल लिहिलं नाही. थोरल्यांना ते थोडं खटकलं. त्यांना रकाना भरलेला हवा होता.

पर्याय

पुतण्याचा पर्याय पहिला. सिंगापूरहून हाँगकाँग जवळ. तिथे पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकी संस्थांकडून नाणं प्रमाणित करून सीलबंद करायचं आणि चिनी नाण्यांच्या लिलावात घालायचं. चिनी नाण्याला चिनी गिऱ्हाईक, हा विचार बाजाराच्या दृष्टीनं चोख. दिवाळीला तो येणारच होता. "काका, माझ्या पाकिटात टाकून नेतो, कोण विचारतंय एका नाण्याला?"

इथे कायदा आडवा येतो आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. पुरावशेष व कलावस्तू कायदा, 1972. त्यातल्या 'पुरावशेष', म्हणजे जुनी वस्तू, याच्या व्याख्येत शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं 'कोणतंही नाणं' येतं. नाणं भारतीयच असावं अशी अट नाही. असा पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. मोडला तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू पुरावशेष नाही असं वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला काढता येतो.

पुतण्या हुशार. त्यानं लगेच विचारलं, "पण ते 1950 चं असेल तर शंभर वर्षं कुठे झाली?" मुद्दा बिनतोड होता, फक्त सिद्ध करायचा कसा? नाण्यावर 1914 कोरलेलं, उशिराच्या पाडणीची एकही खूण नाही. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे तिबेटचा इतिहास सांगत बसायचं का? शिवाय माझा स्वतःचा कल उलट होता. थोरल्यांनी तिथेच विषय मिटवला: "अरे, माझ्या आईची वस्तू तू चोरून नेणार नाहीस." त्यानं परत तो विषय काढला नाही.

दुसरा पर्याय देशातच विकण्याचा. त्यासाठी किंमत हवी, आणि तिचे आम्ही तीन थर मांडले. तळाला चांदी: 26.62 ग्रॅमच्या 89 टक्के म्हणजे 23.7 ग्रॅम शुद्ध चांदी. तेव्हा भाव ग्रॅमला 72 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण 1,700 रुपये. सराफ घट धरून 1,500 देतो म्हणाले. मधला थर, नाणं म्हणून किंमत. मुंबईतल्या परवानाधारक व्यापाऱ्यानं प्रत्यक्ष पाहून 3,200 सांगितले. लिलाव कंपनीचा अंदाज 4,000 ते 5,000 चा, कमिशन वजा जाता हाती येईल ते साडेतीन-चार हजार.

तिसरा थर गमावलेला. हेच नाणं कधी न घासता, मूळच्या चकाकीसह राहिलं असतं, तर किंमत कितीतरी पटींनी जास्त असती. भिंगाखाली गालावर आणि मोकळ्या भागावर रांगोळीच्या कणांनी उमटलेल्या केसासारख्या समांतर रेघा स्पष्ट दिसतात, प्रकाशात फिरवलं की एका दिशेनं चमकतात. प्रमाणन संस्था असल्या नाण्याला 70 च्या मोजपट्टीवरचा गुण देत नाहीत, 'खरं, पण साफ केलेलं' असा शेरा मारतात. थोडक्यात, कायद्यानं हाँगकाँगला नेता आलं असतं तरी प्रमाणनाचं शुल्क आणि विम्यासह पाठवणीचा खर्च धरून व्यवहार आतबट्ट्याचाच झाला असता.

हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे आईनं घासून घासून लाख रुपये घालवले म्हणायचे." हसत म्हणाल्या, पण मला उत्तर द्यावंसं वाटलं. एक तर लाख वगैरे नव्हते. आणि दुसरं, नाणं पूजेत नसतं तर ते 1960-70 च्या दशकात कधीच मोडीत गेलं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे विकायचंच नाही.

काय ठरलं

आठ लाखांचे चार हजार झाल्यावर भांडणाचं कारणच उरलं नाही. नाणं आत्याबाईंकडे गेलं. थोरल्यांनी वाटणीपत्रात त्याची किंमत 3,600 रुपये धरली. व्यापाऱ्याचा आकडा आणि लिलावातून हाती येणारी रक्कम यांच्या मधला आकडा तिघांना मान्य झाला. दोघांचे 1,200-1,200 आत्याबाईंच्या वाट्यातून वळते झाले. पुतण्यानं ते घ्यायला नकार दिला, पण थोरल्यांनी त्याच्या खात्यात भरले. हिशेब तो हिशेब.

नाणं आता पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात आहे. साध्या मऊ प्लास्टिकमधून वायू सुटून चांदीवर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून ही काळजी. सोबत वजन, घनता, यंत्राचा अहवाल, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो आणि सेवापुस्तकाच्या त्या पानाची छायाप्रत. पूजेत ठेवायला माझी हरकत नव्हती, हळदकुंकू पाकिटावर वाहा म्हटलं. गेलेल्या 2,100 रुपयांची तक्रार सायबर पोलिसांच्या संकेतस्थळावर नोंदवली. पैसे परत आलेले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी फोटो गटात टाकायला नको होते. त्यामुळे पैसे गेले, आणि घरात आठ लाखांचा आकडा आला, तो बाहेर काढायला सगळ्या परीक्षांपेक्षा जास्त वेळ लागला. किंमत विचारण्याआधी नाण्याची ओळख पटवून घेतली असती, तर पहिल्याच फोनमध्ये 'सही कुठे आहे?' हा प्रश्न विचारता आला असता.

कायद्याचा प्रश्न आम्ही उशिरा हातात घेतला. पुतण्याचं तिकीट निघालेलं असताना आणि लिलावाच्या चौकशा झालेल्या असताना तो पुढे आला. नाणं शंभरीच्या आसपासचं दिसतंय हे पहिल्या फोटोवरच कळत होतं. परदेशचा पर्याय तेव्हाच बाजूला ठेवला असता तर बराच पत्रव्यवहार वाचला असता. (नाणं जमिनीत सापडलेलं असतं तर 1878 चा निखात निधी कायदा लागू झाला असता. वारशाच्या वस्तूला तो लागत नाही, पण थोरल्यांनी त्याचीही चौकशी करून ठेवली होती.)

एक गोष्ट मात्र आता भरून निघणार नाही. कालिम्पाँगची नोंद आम्हाला कागदांत मिळाली, पण हा डॉलर त्यांना कुणी दिला, पगारातून विकत घेतला की कुणी भेट दिला, कुठल्या साली, हे आजींना नक्की माहीत असणार. त्या शेवटपर्यंत खणखणीत बोलत होत्या. तारमास्तराला तांडेवाले ओळखीनं निरोप पाठवायला येत, असं आत्याबाईंना अंधुक आठवतं. आजोबांनी घरी पाठवलेल्या पत्रांचा एक गठ्ठा मधल्या भावाच्या पुण्यातल्या बंद घरात आहे म्हणतात. पुतण्या पुढच्या खेपेला तो उघडणार आहे. 1953 ते 56 मधली पत्रं आधी बघ, आणि बाकीच्यांचे फोटो काढल्याशिवाय काही टाकू नकोस, एवढं त्याला सांगून ठेवलं आहे.